चरावरची टोपी

मित्रांनो, मला बघून घाबरू नका. घाबरलेली मीच आहे. मी एक जुनी रंगाची बादली आहे. माझ्या तळाला भोक आहे, कड एका बाजूने वितळून वाकडी झाली आहे आणि अंगावर निळ्या रंगाचे ओघळ वाळले आहेत. बादलीने कसे सुलटे उभे राहावे, पोटात पाणी घ्यावे आणि मुकाट्याने नांदावे. माझे बहुतेक आयुष्य मात्र पालथे पडून गेले. पालथे पडून मी जे अनुभवले, ते आठवले की माझी कडी अजून खुळखुळते. ती हकीगत मी तुम्हाला सांगणार आहे. जरा जवळ सरकून बसा, म्हणजे मलाही धीर येईल.

माझा भित्रेपणा जन्मापासूनचा. एका कारखान्यात वितळलेले प्लास्टिक साच्यात शिरले, साच्याचे दोन जबडे धाडकन मिटले आणि ते उघडले तेव्हा मी होते. जगात आल्याआल्या माझ्या पोटात निळा रंग ओतला, वर झाकण ठोकले आणि मला काळोखात ढकलले. दुकानाच्या फळीवर बसून मी एकच विचार करीत असे. हे झाकण उघडेल तेव्हा समोर कोण असेल?

समोर होते एक रंगारी. सगळे त्यांना रंगारीबाबा म्हणत. रंग संपला की बाकीचे लोक बादली फेकतात; या माणसाने मला घासूनपुसून ब्रश ठेवायला घेतले. शिडीच्या आकड्याला मला लटकवून ते छतापर्यंत चढत. उंचावर माझी पाचावर धारण बसे, पण ते खाली न बघता गुणगुणत असत. त्यांची बायको लवकर वारली होती. घरी एक मुलगी आणि एकच खुर्ची. त्यामुळे संध्याकाळी मला पालथे घालून माझ्यावर ती मुलगी अभ्यासाला बसे. "बादलीवर बसून शिकलेली पोर," असे बाबा कौतुकाने सांगत. मी मनात म्हणे, बसते कोण आणि सोसते कोण!

मुलगी शिकली. सगळे तिला ताई म्हणू लागले. तिला नोकरी लागली तीही अशी, की ऐकून बाबा बुचकळ्यात पडले. एका मोठ्या दलदलीतून कोणता गॅस किती निघतो, हे तिला मोजायचे होते. तोपर्यंत बाबांचे गुडघे शिडीला कंटाळले होते. ते लेकीकडे राहायला गेले आणि सामानाबरोबर मीही गेले. बैठ्या खोल्यांची एक लांब ओळ होती, तिच्यातली शेवटची खोली आमची. समोर दलदल. काळे, संथ पाणी आणि त्यात उभी असलेली जुनी झाडे. त्यांचा पाला पाण्यात पडे आणि नीट कुजत नसे. तो थरावर थर साचून राही. अशी किती पिढ्यांची माती तिथे साचली होती, कोण जाणे. हातात घेतली तर ती चहाच्या चोथ्यासारखी लागे.

एके दिवशी ताईने मला मांडीवर पालथे घेतले आणि तळाला ड्रिल लावले. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला! मला वाटले, संपले. ज्या बादलीला भोक पडते ती बादली राहतच नाही. पण ताईने त्या भोकात रबरी नळी बसवली, नळीला बूच लावले आणि मला थोपटून म्हणाली, "आता ही बादली नाही. ही टोपी."

"म्हणजे आता लोकांना टोप्या घालणार तू?" बाबा हसले.

"लोकांना नाही, बाबा. जमिनीला."

आणि खरोखरच तसे झाले. ताई मला जमिनीवर पालथी दाबून बसवी. जमिनीतून जे काही वर येई, ते माझ्या पोटात साठे. थोड्या वेळाने ती नळीला सिरिंज लावून आतली हवा काढी आणि छोट्या बाटल्यांत भरी. मग मला उचले. त्या बाटल्या तपासायला शहरात जात. मोजणीच्या लोकांत यासाठी शब्दच रूढ झाला होता. मला ठेवले की "टोपी घातली" आणि उचलले की "टोपी काढली" असा पुकारा होई. घातलेली टोपी काढल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्यांचा नियम होता.

त्या काळोखात माझ्या पोटात काय येई, ते मला ताईच्या बोलण्यातून कळले. पाण्याखाली हवा पोचत नाही. तिथे डोळ्यांना न दिसणारे जीव तो साचलेला पाला सावकाश खातात आणि मिथेन नावाचा गॅस सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही. आभाळात गेला की तो पृथ्वीला जाड पांघरूण घालतो आणि ती तापते. आणि कोंडून ठेवला, वर काडी लावली, तर तो पेटतो. हे शेवटचे वाक्य ऐकले तेव्हापासून माझी झोप उडाली. आपल्या पोटात पेटणारी वस्तू आहे, हे कळल्यावर कोणाची उडणार नाही?

पण दलदल तेव्हा ओली होती. गॅस येई तो हळूहळू येई. मी जरा भिई आणि मग माझी टोपी काढली जाई. ते दिवस तसे बरे होते.

मग खोदकामाची यंत्रे आली. दलदलीत झाडांचा मळा करायचा होता आणि झाडांना कोरडी जमीन हवी होती. यंत्रांनी लांबच लांब चर खणले. दलदलीचे पाणी चरांत उतरले आणि चरांतून नदीला मिळाले. जुनी झाडे पडली, नवी रोपे ओळीत उभी राहिली. मळ्याचे साहेब रुबाबात फिरू लागले. ठरलेल्या जागी खुणेचे खांब रोवले होते आणि ताई प्रत्येक खांबापाशी मला टेकवी. आता माझ्या पोटात जवळजवळ काहीच येत नसे. बाटल्या शहरात गेल्या, उत्तर आले, आणि साहेब आनंदाने टाळी देत म्हणाले, "पाणी गेलं, गॅस गेला! बघा, तुमची टोपी रिकामी!"

माझी केवढी स्तुती झाली म्हणून सांगू! मला धुतले, माझ्याबरोबर फोटो काढले. साहेबांनी रंगारीबाबांकडून एक मोठी पाटी रंगवून घेतली: 'येथे जमीन स्वच्छ श्वास घेते.' बाबांनी अक्षरे अशी घोटून काढली, की लांबून वाचता यावीत. मलाही वाटले, चला, सुटले. भित्र्या माणसाला चांगल्या बातमीवर लगेच विश्वास ठेवावासा वाटतो.

ताईला मात्र काहीतरी खटकत होते. पाणी गेल्यापासून जमीन बसत चालली होती. ओल्या चोथ्यातले पाणी निघून गेल्यावर चोथा आक्रसतो आणि हवा लागली की कुजून नाहीसाही होतो, तसेच. आमच्या खोलीची पायरी अधांतरी लटकू लागली आणि तिच्याखाली विटा घालाव्या लागल्या. पाटीचा एक खांब कलला. दारे चौकटीत अडकू लागली. आणि घरामागून जो चर जात होता, त्याच्या काळ्या पाण्यावर बुडबुडे येत. एक फुटला की दुसरा. जणू खाली कोणी बुडाले आहे आणि अजून श्वास सोडते आहे. बाबा संध्याकाळी काठावर बसून ते बुडबुडे बघत.

"बाबा, आपण टोपी कुठे घालतो?" ताईने एकदा विचारले.

"खांबापाशी."

"आणि चरात खांब आहे का?"

नव्हता. चर म्हणजे जमीन नव्हे, असे धरून चालले होते सगळे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसे आमचे झाले होते. ताईने जीपच्या जुन्या टायरची ट्यूब आणली, माझ्या कमरेला बांधली आणि मला चरावर पालथे तरंगत सोडले. मित्रांनो, मी त्या पाण्यावर टेकले मात्र, खालून बुडबुडे माझ्या पोटात येऊन फुटू लागले. एकामागून एक, थांबायचे नाव नाही. सगळ्या दलदलीचे सडके पाणी वाहून त्या चरात आले होते, तळाशी चिखल साचला होता आणि तिथे त्या न दिसणाऱ्या जिवांची मेजवानी चालली होती. मला ओरडायचे होते. नळीला बूच होते.

शहरातून उत्तर आले. जमिनीवर जो गॅस मिळेना, तो चरात भरभरून मिळत होता. ताईने पुन्हा मोजले, आणखी एका चरावर मोजले. मग ती साहेबांकडे गेली. परत आली ती लाल चेहऱ्याने.

"काय म्हणाले?" बाबांनी विचारले.

"म्हणाले, जमीन केवढी, चर केवढा! बोटभर चराचं काय घेऊन बसलात? वर म्हणाले, कोरडी माती काही गॅस देत नाही. बाबा, तो एक गॅस देत नसेल. दुसरा देते, कार्बन डायऑक्साइड. ती माती हळूहळू हवेत उडून चाललीय. आणि वाळली की ती माती राहत नाही, सरपण होते. आपण सरपणावर राहतोय."

बाबांनी जमिनीकडे पाहिले आणि पाय जरा वर घेतले. मीही माझी कड उचलून घेतली असती, उचलता आली असती तर.

आता जे घडले ते एका शब्दाने घडले. त्या दिवशी ताईने मला घरामागच्या चरावर सोडले होते. ऊन फार होते. तिने स्वतःची गवती टोपी काठावरच्या काठीला अडकवली आणि सावलीत बसली. इतक्यात साहेबांचा फोन आला. शहरातून मोठी माणसे आली होती, ताबडतोब ऑफिसात या, आणि हो, मोजणी आजपासून बंद. ताई तशीच धावली. ऑफिसात पोचल्यावर तिला माझी आठवण झाली. तिने जीपवाल्या काकांना फोन लावला. हे काका मोजणीच्या कामातले नव्हते; जीप चालवावी आणि दुपारी जीपमध्ये घोरावे, एवढे त्यांचे काम.

"काका, चरावरची टोपी राहिलीय. तेवढी काढून आणा ना."

"आणतो की, ताई."

काका आले. मी आशेने त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी काठीवरची गवती टोपी काढली, झटकली, स्वतःच्या डोक्यावर घालून बघितली, आणि गेले.

मी हाक मारू शकत नव्हते. संध्याकाळी ताईने फोनवर विचारले असेल, "टोपी आणली?" आणि काकांनी सांगितले असेल, "टेबलावर ठेवलीय." ते खोटे बोलले नव्हते. तिनेही चुकीचे विचारले नव्हते. ताईला दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात अहवाल लिहायला बसवले. मोजणी बंद म्हणून चराकडे कोणी फिरकेना. मी बांधावरच्या गवताआड दोरीला बांधलेली, पालथी, बूच लागलेली, तशीच तरंगत राहिले.

दिवसामागून दिवस गेले. बुडबुडे येत राहिले. पोटात गॅस साठला तशी मी पाण्यातून जरा जरा वर उचलली जाऊ लागले. एरवी थोड्या वेळात माझी टोपी निघे. आता कोणी काढीना. मित्रांनो, एकटेपणाची भीती वेगळी आणि आपणच कोणाला तरी मारू ही भीती वेगळी. तुमच्यापैकी कोणाला ही दुसरी भीती कधी न वाटो.

आणि ज्यांना बघून मला एरवी आनंद झाला असता, नेमके तेच आले. रंगारीबाबा काठाने चालत होते. गवतातून त्यांना निळे ओघळ दिसले. "अरे, ही इथे?" म्हणून ते खूश झाले. दोरी ओढून त्यांनी मला काठाशी आणले. मग वाकताना गुडघा दुखला म्हणून खाली बसले, खिशातून सिगारेट काढली, ओठात धरली आणि काडीपेटी काढली.

काडी ओढू नका, बाबा! पहिल्यांदा मला उचलून दूर ठेवा! माझ्या पोटात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही! मी मनातल्या मनात एवढ्याने ओरडले, की माणूस असते तर घसा फुटला असता. त्यांनी एका हाताने काडी ओढली आणि दुसऱ्या हाताने माझी कड उचलली.

भप्पकन निळा उजेड झाला. बाबांच्या भुवया जळाल्या, मिशीची टोके जळाली, उजवा हात मनगटापर्यंत भाजला. ते मागे कोलमडले. हातातली पेटती काडी उडाली आणि काठावरच्या वाळलेल्या गवतात पडली. गवत क्षणभर पेटले. बाबांनी चप्पल मारून ते विझवले. वर काही दिसेना. ज्वाळा नाही, काही नाही. बाबांना वाटले, थोडक्यात वाचलो.

मी पाहिले होते. जमिनीच्या फटीत, चोथ्यासारख्या त्या मातीत, एक लाल ठिपका आत सरकला.

बाबांना तिथेच कळून चुकले, की ही लेकीची टोपी आणि ती चरावर विसरली गेली. हे साहेबांना समजले, तर मोजणीवालीनेच आग लावली म्हणतील, तिच्या चराच्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून त्यांनी मला घरामागे पोत्याखाली दडवले. संध्याकाळी ताईने हात पाहून विचारले, तर म्हणाले, "चहा ठेवताना भडका उडाला." ताईने मलम लावले आणि रागे भरली. बाबांनी भाजलेली मूठ मिटून घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ त्याहून महाग पडणार होती.

काही दिवसांनी काठाजवळच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली. बाबांनी दुपारी, ताई ऑफिसात असताना, मला बाहेर काढले. माझ्या तळाच्या भोकात चिंध्या कोंबल्या, चरातून पाणी भरले आणि फटीत ओतले. चुर्र झाले. धूर थांबला. दुसऱ्या दिवशी तो हातभर पलीकडून निघाला. तिथे ओतले, तर त्याच्या पलीकडून. आग जमिनीच्या पोटातून चालत होती आणि चालत होती ती घराच्या दिशेने. वरून गवत हिरवे दिसे. एकदा बाबांनी दम खायला मला खाली टेकवले तर माझी कड मऊ होऊन वाकली. इतकी ती जमीन तापली होती.

"पालथ्या घड्यावर पाणी," बाबा पुटपुटले. तरी ते रोज ओतीत राहिले. त्यांना खोकला लागला. त्यांचे हात कापत. मला धरलेले असताना तो कंप माझ्या कडीतून माझ्या अंगात उतरे, आणि कोण कोणामुळे थरथरते आहे ते कळेनासे होई.

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारले, "बाबा, रोज एवढं पाणी? काही लावलंय का?"

"मिरच्या लावल्यात."

"उगवल्या का?"

"उगवतायत हळूहळू," बाबा म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

काकू खुशीत होत्या. त्यांच्या खोलीत ओले कपडे जमिनीवर पसरले तरी तासाभरात वाळत. "आमची फरशी काय छान उबदार झालीय हो हल्ली," असे त्या सगळ्यांना सांगत. ते ऐकून बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या रात्री ते लेकीसमोर दोनदा बोलायला गेले आणि दोनदा मूग गिळून बसले. मी दाराबाहेर पोत्याखाली होते. मला सगळे ऐकू येत होते. बोला, बाबा. बोला ना. पण ते म्हणाले, "भात छान झालाय."

दुसऱ्या दुपारी बाबा मला घेऊन घराच्या कोपऱ्याशी गेले. धूर आता भिंतीलगत होता. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले आणि जमीन पापडासारखी फुटली. वरचे कवच तेवढे उरले होते. खाली सगळे जळून पोकळ झाले होते आणि पोकळीत निखारे होते. बाबांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. त्यांची किंकाळी मी कधी विसरणार नाही. काकू धावल्या, आणखी दोघी धावल्या. "पुढे पाय टाकू नका, फळी आणा!" काकू ओरडल्या. फळी टाकून, तिच्यावर पालथे पडून त्यांनी बाबांना ओढून काढले. त्यांचा हात माझ्या कडीवरून सुटत नव्हता.

जीपमधून ताई आली. बाबांना बघून ती धावत त्यांच्याजवळ जाऊन बसली. मग तिची नजर माझ्यावर पडली.

"ही इथे कशी? काका, मी तुम्हाला टोपी काढायला सांगितली होती!"

"काढली की, ताई. तुमच्या टेबलावरच आहे," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. अजून त्यांना कळले नव्हते, पण काहीतरी भयंकर झाले आहे एवढे कळले होते.

ताईने डोळे मिटून घेतले. तिला सगळे उमगले.

बाबांना जीपमध्ये झोपवले, इतक्यात साहेबही बंब घेऊन आले. बंबाने वरून धो धो पाणी सोडले; जमिनीने ते गिळले आणि दुसरीकडून धूर सोडला. ताई म्हणाली, "साहेब, वरून जमायचं नाही. पाणी खालून चढलं पाहिजे. चराच्या तोंडाशी लोखंडी दार आहे ना, ते खाली सोडा. पाणी अडू दे, जमीन भिजू दे."

"आणि रोपं? सगळी कुजतील! शिवाय ही आग लागली कशी, ते आधी कळू दे."

जीपमध्ये झोपवलेले बाबा कोपरावर उठले. "काडी मी ओढली, साहेब. त्या चरातला गॅस टोपीत भरला होता. पोरगी सांगत होती तेच खरं होतं. मी लपवलं. मला वाटलं, तिच्यावर येईल."

तरी साहेब दार सोडा म्हणेनात. तेव्हा ताईने त्यांना काकूंच्या खोलीच्या दाराशी नेले. "आत जा," ती म्हणाली. "बूट-मोजे काढून जा."

साहेबांनी बूट काढले आणि आत पाऊल ठेवले. लगेच उचलले. मग दुसरे ठेवले, तेही उचलले. खोलीत काकूंच्या लहान नातवाचा पाळणा टांगलेला होता. साहेबांनी पाळण्याकडे पाहिले, फरशीकडे पाहिले, आणि अनवाणीच बाहेर धावत सुटले. "दार सोडा! सगळ्या चरांची दारं सोडा! घरं रिकामी करा!"

दार गंजले होते. ते बांधल्यापासून कोणी खाली सोडलेच नव्हते. घणाचे घाव बसत होते आणि इकडे लोक गाद्या, भांडी, म्हातारी माणसे बाहेर काढत होते. जीप बाबांना घेऊन दवाखान्याकडे निघाली. मी जिथे पडले होते तिथे पडून राहिले. माझ्याखालची जमीन हलत होती. आमची खोली आणि काकूंची खोली माझ्यासमोर खचली. आधी पायरी गेली, मग भिंत, मग सगळेच. आत कोणी नव्हते, एवढेच नशीब. शेवटी दार घसरत खाली गेले आणि चरातले पाणी थांबले, चढले, काठावरून आत पसरू लागले. पाणी त्या पोकळीत शिरले तेव्हा जमिनीने केवढा तरी मोठा उसासा टाकला आणि सगळीकडे वाफ झाली. आग विझायला खूप दिवस लागले.

आता आम्ही उंचावरच्या दुसऱ्या वस्तीत राहतो. बाबांचे उजवे पाऊल डॉक्टरांना वाचवता आले नाही. मळ्याचा अर्धा भाग पुन्हा पाण्याखाली गेला आहे. ओली जमीन पुन्हा थोडा मिथेन देते. साहेबांनी कुरकुर केली तेव्हा ताई म्हणाली, "तेवढा ती पूर्वीपासून देत होती. पण आता ती जळत नाही, उडून जात नाही." ताईकडे नव्या टोप्या आहेत आणि खुणेचे खांब आता चरातही आहेत. माझी कड वाकडी झाल्यापासून मी जमिनीवर नीट बसत नाही, फट राहते. म्हणून मला रजा मिळाली. मी दाराशी असते. कोणी मला उचलत नाही, कोणी धूत नाही. त्याचे मला दुःख नाही.

मला भीती आहे ती नदीपलीकडची. तिकडेही दलदल होती, तिकडेही चर खणले आहेत. त्यांवर बुडबुडे येत असतील आणि मोजायला कोणी नसेल. वारा तिकडून आला की कधी कधी त्याला जळक्या चोथ्याचा वास असतो. त्या धुराजवळ कोणाची तरी उबदार फरशी असेल आणि कोणीतरी तिचे कौतुक करीत असेल.

म्हणून, मित्रांनो, माझे एवढे ऐका. पाणी असलेली जमीन पाण्यातच राहू द्या. ती वाया गेलेली नसते. आणि कुठे धूर दिसला, जमीन गरम लागली, पायरी अधांतरी झाली, तर गप्प बसू नका. आपली चूक निघेल, आपल्या माणसावर येईल, लोक हसतील, म्हणून दडवू नका. लगेच, मोठ्याने सांगा. मला तोंड आहे पण बोलता येत नाही. तुम्हाला येते.

काल संध्याकाळी बाबा दारात बसले होते. वारा नदीकडून येत होता. ताईने त्यांचा पाय उशीवर नीट ठेवला आणि विचारले, "दुखतंय का, बाबा?"

पूर्वीचे बाबा म्हणाले असते, काही नाही गं, बरं आहे. काल ते नदीपलीकडे बघत राहिले आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मला भीती वाटते."

ताईने टोप्या उचलल्या आणि काकांना जीप काढायला सांगितली.